चार ग्रॅम

भोजू,
फोनवर हे जमत नाही म्हणून लिहितो आहे,
औषधांच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर.
रोज आठला तू विचारतोस, जेवलात का,
मी म्हणतो, हो.
मग तुझ्याकडून शटर ओढल्याचा आवाज येतो
आणि आपण दोघेही सुटतो.

इथे सुभाषनगरात, पुष्पलताच्या दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीसमोरून मेट्रो जाते.
दुपारची बहुतेक रिकामी.
कधी एखादा माणूस काचेला डोकं टेकून झोपलेला,
त्याचं तोंड माझ्याकडे, माझं त्याच्याकडे.
दिवसभरातली ओळखपाळख एवढीच.

नळी बुधवारी काढली. टाके सुकलेत.
धंतोलीचा डॉक्टर पोटावर बोटं वाजवून ऐकतो,
वैनगंगेच्या वाळूतलं टरबूज घेताना
तू लहानपणी वाजवायचास तसं,
आणि तुझ्यासारखाच गंभीर होऊन
काही सांगत नाही.
पोहे मिळतात, तर्रीशिवाय.
नागपुरात राहून तर्रीशिवाय पोहे!
पुष्पलता म्हणते, "मामाजी, काहून तोंड वाकडं करता?"
मी मोसंबीचा रस पितो आणि सरळ करतो.

एक दिवसाआड ड्रेसिंगला नेतात. आधी वजन.
मी चढण्याआधी वाकून पाहतो, शून्य येतं की नाही.
सिस्टर हसते, "बाबाजी, मशीन आहे, चुकत नाही."
हे मला सांगते,
बेचाळीस वर्षं अख्ख्या पवनीचे काटे शून्यावर आणणाऱ्याला.
सोमवारी एकावन्न किलो दोनशे.
आज एकावन्न सहाशे.
चपला काढायला विसरलो होतो,
तिला बोललो नाही.

प्रकृती तोळामासा, असं भेटायला येणारे म्हणतात.
तोळ्यात मासे किती, विचारलं की
घड्याळाकडे बघतात.

आता जे लिहायचं होतं ते.

तू कर्ज काढून इलेक्ट्रॉनिक काटे आणलेस, त्या पोळ्याच्या आदल्या दिवशी
गिऱ्हाइकांसमोर मी माझं अर्ध्या किलोचं वजन
तुझ्या काट्यावर ठेवलं.
चारशे शहाण्णव.
मी म्हणालो, बघा, डब्बा खोटं बोलतो.
मेंढे किराणावाला हसला, त्याचा पोरगाही हसला,
तू काटा परत खोक्यात भरलास,
थर्माकोलचे तुकडे एक-एक नीट जागेवर बसवून.
तेव्हापासून तू माझ्याशी तोलूनमापून बोलतोस.

भोजू, त्या वजनाच्या बुडातलं शिसं
आधीच्या उन्हाळ्यात गळून गेलं होतं.
मला माहीत होतं.
खड्ड्यात मी डांबर भरलं, वर काजळी चोळली,
शिक्का उमटल्यासारखा दिसेल असं नखानं कोरलं.
विकायला नाही. मापात पाप मी कधी केलं नाही.
फक्त ठेवायला. माझं असं एक वजन असावं म्हणून.
तुझा काटा बरोबर होता.
माझंच वजन झिजलं होतं.

हे ऑपरेशनच्या आदल्या रात्री सुचलं असं समज,
म्हणजे तुला बरं वाटेल.
खरं तर त्याच दिवशी, शटर लावताना, सांगणार होतो.
त्याला आता तीन पोळे झाले.

वजन गल्ल्याखालच्या खणात आहे,
पितळी मापांच्या मागे, फडक्यात.
फेकू नकोस. डांबर खरवडून शिसं ओत,
हात भाजेल, चिमटा लांब धर.
तपासणीवाला साहेब आला तर त्याला दाखव,
कुणाचं विचारलं तर बापाचं म्हण.
आणि मेंढेला काही सांगायची गरज नाही.
किंवा सांग. तू ठरव.

डॉक्टर आणखी अठरा दिवस म्हणतो.
पुष्पलताची मुलगी हे टपालात टाकणार आहे,
तिला पत्ता लिहिताना पिनकोड आठवला नाही, मला आठवला.
पोचेल तेव्हा फोनवर काही बोलू नकोस.
आठलाच कर, तसाच विचार, जेवलात का.
मी हो म्हणेन,
आणि त्या दिवशी शटर थोडं उशिरा ओढ.
काय जेवलो, ते सांगेन.