इथेलचं कोष्टक

वेल्सच्या किनाऱ्यालगत, जेमतेम अकरा घरांच्या एका बेटावर
इथेल प्रोथेरो भरती-ओहोटीची कोष्टकं मांडायचा.
त्याच्या माडीवर मी सात महिने भाड्याने राहिले.
पुढच्या तीस वर्षांचा समुद्र त्याच्या कपाटात होता,
निळ्या पुठ्ठ्यांच्या वह्यांत, मिनिटामिनिटाने.
"तू म्हातारी होशील तेव्हाचा एखादा मंगळवार सांग," म्हणायचा,
आणि पान काढून दाखवायचा:
पहाटे चार बारा, पाणी धक्क्याच्या सहाव्या पायरीला.
तळाशी बारीक अक्षरांत एकच ओळ, दरवर्षी तीच:
वारा हिशेबात धरलेला नाही.

बेट कसलं, टेकाडच.
पलीकडच्या गावापासून पाऊण मैल दगडी वाट,
दिवसातून दोनदा बुडणारी, दोनदा निथळणारी.

रविवारी चॅपलमध्ये पाद्री एडनिवेद म्हणाले,
देवाला उद्या नसतो.
तुम्हाला ही भिंत दिसते
तसा त्याला तुमचा शेवटचा श्वास दिसतो.
इथेल वाटभर गप्प.
घरी बूट काढताना म्हणाला,
"म्हणजे तेगवेनवर मी ओरडलो ते त्याने पाहिलं होतं.
मी ओरडायच्या आधी. मी जन्मायच्या आधी.
आणि तरी मला तोंड दिलं."

मी सांगितलं, आमच्याकडे सहाव्या रात्री
सटवी येऊन कपाळावर लिहून जाते.
त्याने विचारलं, "आणि खोडतं कोण?"
मला उत्तर येत नव्हतं. मी चहा ओतला.

मार्चमध्ये रॉटरडॅमहून पाकीट आलं. अकरा वर्षांनी.
ते न फोडता टेबलावर ठेवून
तो मान खाली घालून बसला, ओठ हलत होते.
आता काय मागतोस, मी म्हटलं, शाई कधीच वाळलीय.
"एडनिवेदचं खरं असेल तर
मी आत्ता मागतोय ते ती लिहीत होती तेव्हाच
ऐकलं असेल त्याने."
आणि खोटं असेल तर?
"तर उशीर झाला. उशिराची सवय आहे मला."

आत एकच ओळ.
येईन. कधी ते ठरवलेलं नाही.

तो ती तीनदा वाचून हसला, दात दिसेपर्यंत.
"बघ, तिचं तिलाच ठाऊक नाही!
जे अजून नाहीच, ते न कळणं म्हणजे अज्ञान कसं?
कोरं पान ज्याला वाचता येत नाही
तो काही निरक्षर नसतो."
मग रात्रभर जागून त्याने
वर्षभरात वाट कोरडी असण्याच्या सगळ्या वेळा उतरवल्या,
सातशेच्या वर, पहाटेच्यासुद्धा,
आणि तिला पाठवून दिल्या.
कुठल्याही दिवशी ये, पाय भिजायला नकोत.

त्याला मी आमचा शब्द शिकवला: वाट पाहणं.
"वाट म्हणजे ही? दगडांची?"
हीच.
बराच वेळ खिडकीतून बघत राहिला.
"मग ज्याला शेवट आधीच दिसतो
त्याला वाट नुसती दिसत असेल.
पाहणं जमायचं नाही बिचाऱ्याला."

परवा बुधवारी दोन चाळीसला दगड उघडे पडायचे होते.
पडले दोन पन्नासला.
इथेल घड्याळ हातात धरून उभा,
चूक पकडली गेल्यावर खूश झालेल्या पोरासारखा.
"वारा," म्हणाला.

वाटेवर शेवाळ. एक खेकडा.
बाकी कोणी नाही.
त्याने खुर्ची खिडकीशी ओढली.
शेजारची रिकामी खुर्ची मी उचलायला गेले तर म्हणाला,
"राहू दे ती.
एडनिवेद चुकत असेल
तर त्यालाही बसावं लागेल."