दोन स्वेटर

गणेशपेठ स्टँडच्या खिडकीतल्या माणसानं
मान वर न करताच सांगितलं,
पचमढीची गाडी आज नाही.
घाटात ट्रक आडवा झालाय. उद्या विचारा.

उद्याला अजून अठरा तास होते
आणि सावलीत सेहेचाळीस.
यांनी पिशवी खाली ठेवली, उचलली,
पुन्हा ठेवली.
पुसदहून निघताना मी तिच्यात दोन स्वेटर कोंबले होते.
तिथं मे महिन्यातही रात्री गार लागतं, असं
शेजारच्या पद्माकरवहिनींनी सांगितलं होतं.

लॉजवाला म्हणाला, खोली आहे, कूलरही आहे,
फक्त कूलरला वाळा नाही.
पोरगा आणायला गेलाय.
तासाभरानंही पोरगा येईना, तेव्हा हेच उठले,
फाईल अडली की उठायचे तसे,
आणि मी मागून.

गांधीबागेच्या मागं एक गल्ली निघाली
तिला नाव असेल, आम्ही विचारलं नाही.
दोन्ही बाजूंनी गवताचे भारे
छपरांपर्यंत रचलेले,
उन्हाचा धुरळा, सुतळी, बांबूच्या कामट्या,
आणि जमिनीवर फतकल मारून
ताट्या बांधणाऱ्या बाया.
त्यांच्या बोटांत मुळांचे बारीक तंतू
केसांत फणी फिरावी तसे सरळ होत होते.

लॉजचा पोरगा तिथंच, एका भाऱ्याला टेकून
गाढ झोपला होता.

काऊन उभे जी उन्हात, बसा न,
भागरताबाई म्हणाल्या.
घेऊ नका पाहिजे तर,
वास तं घेऊन पहा.
त्यांनी डब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं
आणि उभ्या ताटीवर फेकलं.

मी काय सांगू.
ताटीमागून झळ आली ती झळ राहिली नव्हती.
नदीकाठची माती, जुन्या लाकडी पेटीचा तळ,
बाळंतिणीच्या खोलीतला अंधार,
असं काहीतरी एकदम अंगावरून गेलं.
गल्लीत कुणी बोललं नाही.
पोरगा झोपेतच कुशीवर वळला.

एकतीस वर्षं यांनी पाटबंधारे खात्यात
पाण्याचे आकडे लिहिले.
इतके दशलक्ष घनमीटर, इतकी तूट.
आता ते पुढं सरकले,
ताटीतून निथळणारं पाणी
तळहातावर घेतलं,
आणि चष्मा काढून
डोळ्यांवर लावलं.

निवृत्तीनंतर घरात आम्ही
दूध, गोळ्या, वीजबिल एवढंच बोलायचो.
भागरताबाईंनी दुसरी ओंजळ फेकली.
हे माझ्याकडे वळले, चेहरा अगदी गंभीर,
ऑफिसात सही मागायचे तसा.
अगं,
म्हणाले,
माझा स्वेटर काढ.

भागरताबाईंना काही कळलं नाही,
पण मी हसतेय म्हणून त्याही हसल्या,
मग शेजारच्या बाया,
मग पोरगा उठला आणि घाबरून
खांद्यावर ताटी घेऊन पळत सुटला,
गल्लीभर थेंब सांडत.

सकाळी गाडी होती.
आम्ही गेलो की नाही, ते सगळे विचारतात.