दोन बोटं सोडून

होलबीचच्या बाहेर, सपाट काळ्या रानात
आमचा प्लास्टिकचा बोगदा.
आत सप्टेंबर रेंगाळलेला, बाहेर नोव्हेंबर.

हत्तीगवताला बी धरत नाही.
बॉयलरला हवं ते सगळं याच्यापाशी आहे,
फक्त पोर नाही.
म्हणून कंद फोडायचा,
तुकड्यागणिक एक डोळा.

मी म्हणते, बेणं.
शेजारच्या थर्केलला हा शब्द आवडलाय.
'बेना,' म्हणतो, आणि ट्रे उचलायला येतो.
आमच्याकडे ती शिवीही असते
हे अजून सांगितलं नाही त्याला.

कंदाचं रोप अठरा पेन्सला पडतं.
एकरी सहा हजार.
गुणाकार झाला तसे मागच्या वर्षी
तिघे शेतकरी अर्धा चहा टाकून गेले.

बेट उपटताना वरची हिरवी कांडी आम्ही फेकायचो.
यंदा ती उचलली,
मशरूमच्या जुन्या क्रेटमध्ये, ओल्या भुशात
आडवी निजवली.
दोनशे चाळीस.
एकशे सहा सडली.
आठवडाभर जेवणालाही तोच वास.

उरलेल्यांना आज मुळं,
शिवणाच्या दोऱ्याएवढी, पांढरी.
थर्केल चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ वाकून राहतो.
कितीला?
सात, मी म्हणते. जमलं तर सहा.

हो नाही, काहीच नाही.
खिशातला चाकू काढतो, बाहीला पुसतो,
एक खोकं ओढून शेजारी बसतो.
कुठून कापायचं?

डोळ्याच्या खाली.
दोन बोटं सोडून.