पेज निवता

त्या चौघांचा देश आम्ही पाहिलेला नाही.
तिथे समुद्र गोठतो म्हणे.
मी बर्फाच्या कारखान्यात कामाला,
तेवढं मला बाकीच्यांपेक्षा जरा जवळून कळतं.

पोस्टरवर आम्हीही चौघेच:
बस्त्याव फर्नांडिस, गिटार, दिवसा बेकरी,
कानामागे मैदा राहिलेला.
कासम होडेकर ड्रमवर,
होडीचं इंजिन नुसतं ऐकून दुरुस्त करणारा.
मी कीबोर्डला, डाव्या कोपऱ्यात, न हसता
(त्यांचाही डावीकडचा हसत नाही. हे मला जमतं).
आणि ती सोनेरी केसांची,
ती आमचा सगुण मेस्त्री.
वीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट केला त्याने,
द्रौपदी, तारामती, आता ही.
हिला पदर नाही, एवढीच अडचण, म्हणतो,
हात कुठे ठेवायचे कळत नाही.

शब्द किराणाच्या वहीत उतरवलेत, देवनागरीत,
अर्थ न विचारता,
लग्नात भटजीमागून नवरा म्हणतो तसे.

सगळं शिकलो एका कॅसेटवरून.
सत्त्याऐंशी साली बस्त्यावने
रेडिओसमोर टेप ठेवून भरलेली, खरखरीसकट.
तिसऱ्या गाण्यात, कडवं चढत असताना,
आतून त्याची आई हाक मारते:
‘बस्त्यावऽ, पेज निवता रे!’
आणि खाऱ्या हवेने फीत तिथेच कुठेतरी धरलेली,
गाणं दोन मात्रा अडखळतं,
मग पुढे जातं.

हाक आमची, हे कळत होतं.
थांबणं मात्र त्यांचं वाटलं.
कासमने ते इतकं नीट बसवलं
की वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत, जत्रेत, फेस्तात,
लोक त्याच जागेची वाट बघायचे.
काठ्या वर गेल्या की
मैदानातून आठशे माणसं:
‘बस्त्यावऽ, पेज निवता रे!’
पुढच्या खुर्चीत म्हातारी पदराआड हसायची.

मग हातोहात फोन आले.
एका पाहुण्याने धक्क्यावर मूळ गाणं लावलं.
आम्ही चौघे वाकून ऐकत होतो, सुक्या बांगड्यांच्या वासात.
ती जागा आली,
आणि गाणं न थांबता निघून गेलं,
फाट्यावर माणसं उभी असताना
एस्टी निघून जावी तसं.
‘तुम्ही चुकीचं वाजवता,’ पाहुणा म्हणाला,
वाईट हेतूने नव्हे.
कासम बराच वेळ एक नट पुसत राहिला.
मग म्हणाला,
‘तेंका कोणी हाक मारूक नाय.’

म्हातारी गेली फेस्ताच्या एकवीस दिवस आधी.
बस्त्याव म्हणाला, सुपारी घेतलीय, वाजवू.
तिसरं गाणं यादीतून कोणी काढलं नाही,
ठेवूया असंही कोणी म्हटलं नाही.
कडवं चढलं. काठ्या वर.
मैदान गप्प.
चणेवाल्याची गॅसबत्ती तेवढी सूं करत होती.
पहिली मात्रा.
दुसरी.

तेव्हा सोनेरी टोपातून,
टिकल्यांच्या झग्यातून,
माईकपासून तोंड वळवून सगुणने
ना त्या बाईच्या आवाजात, ना द्रौपदीच्या,
चुलीपुढून उठायचा कंटाळा आल्यासारखी
हाक मारली:
‘बस्त्यावऽ’

एवढंच. पेज तशीच राहिली.

बस्त्यावची बोटं तारांवर होती, उतरली नाहीत.
तो मागे वळून बघत होता,
जिथे फक्त जनरेटर होता.
तिसरी मात्रा गेली.
मग तो आला.

रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा:
पहाटे पाचला मी लाद्या फोडत होतो,
बोटं बधिर, आणि तरी मोजत.

तेव्हापासून तिथे आम्ही तीन मात्रा थांबतो.
नवी पोरं विचारतात, मुळात असंच आहे का?
कासम म्हणतो, होय.