यादीत नसलेला खिळा

क्वार्टर परत करायचं आज.
बराक स्टोअरचे गायधनी चष्मा कपाळावर ढकलून
मोजतायत: पंखे तीन, नळ चार,
कड्या शाबूत, मोरीची जाळी गंजकी पण आहे.
बाहेर आमच्या काळ्या ट्रंका,
यांचं नाव नि नंबर पांढऱ्या रंगात,
खालून जुन्या युनिटचं नाव अजून डोकावतं.
सातवं घर हे. देवळालीतलं पहिलं.

"काच तडकलीय," गायधनी म्हणतात.
"तोफांनी," मी म्हणते.
"सगळे तेच म्हणतात, वहिनी."

सगळ्यांचं खरंच असतं.
रेंजवर गोळा सुटला की
आधी खिडकी बोलते, मग मांडणीतली ताटं.
नवीन आलेली दचकते आठवडाभर,
मग तीही फोडणी देता देता
गोळे मोजायला लागते.

त्या रात्री मात्र दचकलो. चौघीही.

वर कुठेतरी बर्फाचा कडा कोसळला होता.
टीव्हीवर नकाशा, नकाशावर लाल ठिपका,
आणि यांचा फोन दोन दिवस बंद.
सेल्वराणीनं येऊन टीव्हीची वायरच काढून नेली,
पदराखाली, चोरासारखी.
देवेश्वरी भाभीनं तनूला मांडीवर घेऊन
गढवाली गोष्ट सांगितली.
तनूला अक्षर कळलं नाही. झोपली.
इबेमहल नुसती बसली.
तिला हिंदी बेताचं, मला मणिपुरी शून्य.
माझ्या ओट्याशी लसूण सोलत राहिली,
गड्ड्यामागून गड्डा,
वर्षभर लागणार नाही इतका लसूण.
साडेदहाला रेंजवर रात्रीचा सराव सुरू झाला.
काच गेली ती तेव्हा.

सिन्नर इथून तासाभरावर.
आई सकाळच्या पहिल्या एसटीनं आली.
दारात उभी, पिशवीत भाकरी,
आणि लेकीच्या स्वयंपाकघरात तीन बायका,
तीन भाषा, एक कुकर.
"मग मी काय करू?" म्हणाली.
भाभीनं तिच्यापुढे मटार ओतले.
आई बसली.
तेव्हापासून फोनवर आधी त्यांचं विचारते, मग माझं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.
चाळीस सेकंद असतील.
हे म्हणाले, "गॅस आला का?"
मी म्हटलं, "आला."
पुढे मला बोलता येईना.
तेवढ्यात यांच्या मागून कुणी ओरडलं,
मणिपुरीत, एक नाव,
आणि लसणाचा वास असलेला हात
माझ्या हातातून फोन घेऊन गेला.

तेव्हा आठवलं मला.
तिचाही तिथंच होता.
चारही दिवस तिचाही तिथंच होता
आणि मी एकदाही,
एकदाही विचारलं नव्हतं.

आभाराचा शब्द मी नंतर तिच्या भाषेत शिकले,
लॅम रोडवरून भाजी आणताना घोकला.
उच्चार चुकला, म्हणून ती हसली.
बरोबर जमला असता
तर बहुधा दोघी रडलो असतो.

गायधनी दाराशी थांबलेत.
"हा खिळा यादीत नाही."
नाहीच. तो मी ठोकला, वरवंट्यानं,
म्हणून वाकडा.
त्यावर चार घरांच्या किल्ल्या असायच्या.
कुणाची पोरं शाळेतून लवकर सुटली,
कुणी माहेरी गेली नि तुळस तहानली,
कुणाला वाटलं गॅस चालूच राहिला.
काल एकेक नेऊन दिली.
सेल्वराणीनं तिची घेतलीच नाही.
म्हणाली, कुलूप बदलणार नाही मी.

उद्या बबिना.
खिळा उपटला, पर्समध्ये टाकला, त्या किल्लीशेजारी.
भिंतीत भोक राहिलं, करंगळीएवढं.
काचेचे एकशे ऐंशी मोजून दिले, पावती घेतली.
"आणि भोकाचे?"
गायधनींनी चष्मा डोळ्यांवर ओढला,
वाकून बघितलं.
"राहू द्या," म्हणाले.
"पुढची येईल, तिला लागेल."