पुन्हा या म्हणायचं नाही

पाटीवर पणजोबांनी एवढंच रंगवून घेतलं:
इराप्पा मेदार, बांबूचे व्यापारी.
कशाचे बांबू, ते मिरजेत सांगावं लागत नसे.
पुढच्या फळीवर सुपं, रोवळ्या, बाळंतघरचे पाळणे,
मागच्या खोलीत उभे कळक, काथ्या, मांजरपाट, मडकी.
चपला कशा वाजतात त्यावरून कळायचं
माणूस पुढे थांबणार की मागे येणार.

हे दवाखान्यांचं गाव.
अथणीहून, जतहून, पार विजापूरकडून
माणसं इथं बरी व्हायला येतात
आणि काही होत नाहीत.
रात्री अडीचला कडी वाजते.
"एष्टु री?" म्हणतो एखादा पोरगा,
मुठीत अजून औषधाची चिठ्ठी,
जी आता कुठल्याच दुकानात दाखवायची नाही.

आजोबांचे नियम तीन.
भाव एकच.
उधारी लिहायची, मागायची नाही.
निघताना कुणालाही पुन्हा या म्हणायचं नाही.
चौथा आजीचा, कुठे लिहिलेला नव्हता:
मागच्या खोलीतला हात
धुतल्याशिवाय पाळण्याला लावायचा नाही.

सगळ्यांचं जाणं आम्हाला मापानं ठाऊक.
लिंगायतांना बसवून न्यायचं,
त्यांच्या विमानाच्या कमानी ओल्या बांबूच्या, वाकतील अशा.
मोमीन गल्लीत कबरीवर आडवे टाकायचे तुकडे,
अडीच हात, एकसारखे.
आमोस मास्तरांकडची पेटी सुताराची,
पण उतरवायचा दोर आमचाच, काथ्याचा;
नायलॉन हातातून निसटतं म्हणायचे ते.
त्यांच्या वेळी दोर नेला त्यांच्या मुलीनं.
तिनं भाव विचारला नाही, काथ्या आहे का एवढंच विचारलं.

एकोणीसच्या पुरात मागच्या खोलीत पाणी छातीला लागलं.
कळक एकेक करून दारातून बाहेर पडले,
कुणी खांदा न देता.
आठवड्यानं म्हैसाळहून फोन:
"बुडाला गेरूची खूण हाय, तुमचंच असणार.
घिऊन जावा लवकर,
आमच्यात कुणी मांडवाला बी घेईना झालंय."
बाबा किती वर्षांनी हसले असतील.

पुढच्या साली तिरडीच लागेना.
चेन लावलेल्या पिशव्या आल्या, गाड्या परस्पर जाऊ लागल्या.
बाबा तरी दुकान उघडून बसायचे.
माणसं यायची,
काही न घेता बाकावर बसायची,
आपलं कोण गेलं ते भिंतीकडं बघून सांगायची, उठायची.
त्या सालच्या वहीत
विक्री कोरी आहे
आणि चहाचा खर्च भरमसाट.

बेवारस असला की नगरपालिकेचा फॉर्म यायचा.
साहित्य नेणाऱ्याचे नाव. पत्ता. मयताशी नाते.
बाबा अक्षर घोटून लिहायचे: दुकानदार.
एका कारकुनानं ते खोडलं, म्हणाला हे नातं नव्हे.
बाबांनी नवा फॉर्म मागितला
आणि पुन्हा तेच लिहिलं.

माघात, पहाटे, बाबा गेले.
मागची खोली मीच उघडली.
गाठी मला येत होत्या,
लहानपणी त्यांनी शिकवल्या तेव्हा
टोपलीच्या म्हणून शिकवल्या होत्या.
भावकीतले दोघं पुढे झाले, बाईमाणसानं कशाला म्हणून,
पण त्यांना कामट्या किती लागतात ते माहीत नव्हतं.
आई उंबऱ्यातून म्हणाली,
"फुकट नेऊ नको गं. ह्यातलं काही फुकट न्यायचं नसतं."

मग गल्ल्यातून पैसे काढले,
मोजले,
परत गल्ल्यात टाकले.
वहीत लिहिलं: मल्लाप्पा बसाप्पा मेदार, रोख.
भाव लावला तोच, जो सगळ्यांना लावतो.

चौघांनी उचललं.
दुकानासमोरून वळताना
तोंडाशी आलेले दोन शब्द
मी नियमाप्रमाणे गिळले.