बोटभर जागा

ओमाणी हणबर खांदा घेऊन आला होता.
उजवा. "पंधरा दिस दुखाल्लाय बघा."
कौलांच्या भट्टीवरचा माणूस,
खांदा दुखायचाच, म्हणत नंदगडात कुणी तेल चोळलं,
खानापुरात कुणी मलेरियाच्या गोळ्या दिल्या.
ताप संध्याकाळी येई
आणि रात्री चादर भिजवून जाई.

छातीचा फोटो उजेडापुढे धरला.
उजवा पडदा वर सरकलेला,
खालून कुणी ढोसल्यासारखा.
खांद्याचं काही नव्हतंच.
त्याची आणि पडद्याची नस एका घरची,
चिठ्ठी एकाची, पोचते दुसऱ्याकडे.

मग दोन बरगड्यांमध्ये एक बोट टेकवलं.
फक्त बोट.
त्याचा श्वास अर्ध्यावर थांबला
आणि भिंतीला टेकलेली आई म्हणाली,
"इल्ले, डॉक्टर. इल्ले नोवु."
बावीस वर्षं मी दोन भाषांत दुखणं ऐकतो,
केसपेपरवर तिसरीत लिहितो.

सोनोग्राफीत राखाडी यकृत,
त्यात काळा गोल, कवठाएवढा.

फिलोमिना सिस्टरनं त्याचा हात धरला.
सुई आत गेली, दट्ट्या मागे आला,
आणि नळीत उतरलं ते...
पुस्तकात त्याला कसल्याशा माशाच्या चटणीचा रंग म्हटलंय,
खानापुरात ती कुणी पाहिलेली नाही.
मला भिजत घातलेली कौलांची माती दिसली.
दाट, तपकिरी, बिनवासाची.
दोनदा हुंगून पाहिलं.
वास असता तर गोष्ट वेगळी होती.

बाटली साडेतीनशेवर थांबली.
त्यानं मान वळवली. "ह्ये माझंच?"
"तुझंच."
बराच वेळ बघून म्हणाला,
"भट्टीला चालायची न्हाई ही."
सिस्टर हसली, मग मीही.

दहा दिवस गोळ्या, तोंडात पत्रा चाटल्याची चव.
दारू बंद, म्हटलं. तो पंख्याकडे बघत राहिला.
तिसऱ्या रात्री चादर कोरडी.
जाताना आणखी गोळ्या दिल्या, आतड्यात लपलेल्यांसाठी.
बरं वाटलं की लोक नेमक्या ह्याच विसरतात.

तीन महिन्यांनी मशीनवर अजून डाग होता, लिंबाएवढा.
पोकळी सावकाश भरते, सांगितलं, औषध नको.
"पाणी उकळता का तिथं?"
"टाकीला झाकण घातलंय. साबण मालक देईना."

तो शर्टाची बटणं लावाय लागला.
आई पुढं आली, त्याचा हात बाजूला केला,
बरगड्या मोजत खाली उतरली, एक बोट टेकवलं
आणि माझ्यासारखीच
त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.